गुडघ्यावर बसून छाटायचं झाड

५ फेब्रुवारी

पाल्मीरा,

तुझं पत्र मिळालं. उत्तर ‘नाही’ असं आहे.

ईवानने इथे यायचं नाही. झावळ्यांच्या रविवारी नाही, ईस्टरला नाही, उन्हाळ्यातही नाही. एवढं एका ओळीत भागलं असतं, पण धाकट्या बहिणीच्या तीन पानांना एक ओळ पाठवणं बरं दिसत नाही. आई असती तर तिने माझ्या कानाखाली वाजवली असती. म्हणून लिहायला बसले. फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकायची तयारी नाही.

‘ताई, राग सोड,’ असं तू लिहितेस. पाद्रीबाबाही तेच म्हणतात, दळणवाल्याची बायकोही तेच म्हणते. राग आहे कुठे? राग असता तर दोन वर्षांत निदान दोन बशा तरी फुटल्या असत्या. मला काही होतच नाही. सकाळी उठते, कॉफी ठेवते, कोंबड्यांना दाणे टाकते. दाताचा डॉक्टर सुई टोचतो आणि मग गाल आपला राहत नाही, तसं सगळं आहे. कुणी हात ठेवला तर हात दिसतो, लागत नाही.

त्या दिवशी गाडी तुझा ईवान चालवत होता. माझा सिल्वानो शेजारी बसला होता. भर दुपारी, रोजच्या वळणावर गाडी रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर गेली. ईवानचा हात मोडला, सिल्वानो गेला. रस्ता ओला होता, चाक घसरलं, असं ईवानने सांगितलं. कोर्टाने मानलं, मीही मानलं. माझा त्याच्यावर काही आरोप नाही. पण तो फाटकातून आत आला की त्याच्या मागून दुसरं कुणीतरी यायचं राहिलंय असं मला वाटणार. रांगायला लागल्यापासून ती दोघं या घरात कधी एकेकटी आली नाहीत. म्हणून नको.

गेल्या वर्षी तू पाकिटातून पाठवलेली झावळ्यांच्या रविवारची आशीर्वादाची फांदी पोचली होती. भांडण मिटवायचं तर ऑलिव्हची फांदी हातात द्यायची असते, टपालाने नाही, हे उत्तरेत पिस्तोयाला जाऊन तू विसरलीस वाटतं. मी ती चुलीत घातली. आशीर्वादाची फांदी कचऱ्यात टाकता येत नाही, जाळावीच लागते, तेव्हा पाप काही घडलेलं नाही.

झाडाचं विचारलंस. आहे. रोगाने आपली सगळी ऑलिव्हची झाडं उभ्याउभ्या वाळली, त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या दोघा पोरांनी रोगाला न जुमानणारं ते रोप आणलं आणि विहिरीजवळ लावलं, ते तूही पाहिलंस. आता ते माझ्या खांद्याएवढं आहे आणि झुडपासारखं सुटलंय. सिल्वानोच्या हातचं तेवढंच उरलं. तुझा मेहुणा ब्रीत्सियो म्हणतो, यंदा त्याला वळण लावायला हवं, नाहीतर बाद होईल. त्यासाठी पीप्पी काका येणार आहेत. ईवान रोपवाटिकेत कामाला आहे आणि त्याला कोवळ्या झाडांचं सगळं कळतं, हे तू तीन पानांत चार वेळा लिहिलंस. कळू दे. गावात छाटणारे मेलेत का?

दोनाता


१९ फेब्रुवारी

पाल्मीरा,

पुन्हा पत्र. बरं.

आधी जेवणाचं. तू म्हणतेस, सिल्वानो गेला तेव्हा तू पाठवलेलं जेवण आमच्या दारातून परत आलं. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, इतरांनी जेवण आणायचं असतं, आणि ते परत धाडणं म्हणजे तोंडावर थुंकणं, एवढं मला कळतं. कोण काय घेऊन आलं आणि कोण काय घेऊन गेलं, मला माहीत नाही. मी तिथे नव्हते. खुर्चीत होते, पण नव्हते. कोणी परत धाडलं ते ब्रीत्सियोला विचार. त्याच्या बहिणीचा स्वभाव तुला ठाऊक आहे.

आता झाडाचं. पीप्पी काका मंगळवारी आले. अंधाऱ्या पंधरवड्यात आले, कारण चंद्र उतरता असल्याखेरीज ते कात्रीला हात लावत नाहीत. लांब दांड्याची करवत, कुऱ्हाड, शिडी, दोन माणसं. ब्रीत्सियोने झाड दाखवलं. काकांनी टोपी मागे सारली.

“हे झाड आहे होय? मला वाटलं, वाटाण्याच्या वेलाला काठी लावलीये.”

“पोर आहे अजून, काका,” ब्रीत्सियो म्हणाला.

“अरे, पण मी पोरं कधी छाटलीत? माझ्या आज्यानं छाटलेली झाडं बापानं छाटली, बापानं छाटलेली मी. ती कुणी लावली ते देवाला ठाऊक. शिडी घेऊन आलो मी! इथं तर गुडघे टेकावे लागणार. खाली बसेन रे मी, पण उठवायला तुम्ही तिघं थांबा.”

हसू नकोस. काकांएवढा छाटणारा अख्ख्या सालेंतो मुलखात नव्हता, तरी त्यांनी कोवळं ऑलिव्ह आयुष्यात पाहिलं नव्हतं. गावात कुणीच पाहिलं नव्हतं. शेजारपाजारचे आठ-दहा जण गडग्यावर बसून सल्ले देत होते, त्यांनीही नाही. ज्यांच्या बुंध्याच्या ढोलीत शेळी बांधता यायची अशी झाडं छाटण्यात जन्म गेला सगळ्यांचा. झाड लावावं लागतं, त्याला लहानपणी वळण लावावं लागतं, हे आपल्याकडे कुणाला शिकायची वेळच आली नाही.

मग काकांना जे येत होतं ते त्यांनी केलं. “झाड काय म्हणतं? मला गरीब कर, मी तुला श्रीमंत करीन,” असं म्हणत मधला शेंडा उडवला. खालच्या फांद्या उडवल्या. आतलं सगळं रिकामं केलं. पाकोळी पंख न लागता आरपार गेली पाहिजे, ही जुनी रीत. काम संपलं तेव्हा ब्रीत्सियो म्हणाला, “काका, पाकोळी कसली, आता यातून बैलगाडी जाईल.”

कानशिलं भादरलेल्या रंगरूटासारखं झाड उभं होतं. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी रडेन असं त्यांना वाटलं असावं. मी पडलेल्या फांद्या ओच्यात गोळा केल्या आणि सगळ्यांना कॉफी दिली. साखरेऐवजी मीठ घातलं होतं, ते नंतर कळलं. कुणी एक शब्द बोललं नाही, सगळ्यांनी प्यायली.

दोनाता


१२ मार्च

पाल्मीरा,

हे पत्र मी तुझ्या पत्राची वाट न पाहता लिहिते आहे, तेव्हा काहीतरी झालं असणार हे तू ओळखलं असशील.

झाडाची वरची पानं पिवळी पडून गळताहेत आणि बुडातून रानटी फुटवे उसळलेत. वर काही जीव नाही, सगळी ताकद खाली. पीप्पी काका रोज फाटकापर्यंत येतात, झाडाकडे बघतात आणि आत न येता परत जातात. त्या म्हाताऱ्याची मला कीव यायला हवी. येत नाही.

ब्रीत्सियो किती बोलतो ते तुला माहीत आहे. आमच्या लग्नात पाद्रीबाबांना त्याचा होकार दोनदा विचारावा लागला होता. तो गुरुवारी जेवता जेवता म्हणाला, “ईवानला बोलाव.”

मी म्हटलं, “नाही.”

“मग मी ते उपटतो. रोज डोळ्यांसमोर मरताना मला बघवत नाही.”

“उपट.”

त्याने ताट सरकवलं. “दोनाता, तुझा मुलगा गेला. तो काय माझा नव्हता, शेजाऱ्याचा होता? दोन वर्षं या घरात तू एकटीच आई आहेस, मी बाप कधी होतो ते सांग. माझा मुलगा गेला, माझा भाचा गेला, भाचा तर जिवंत असून गेला. आता झाडही जाऊ दे. मग तू मोकळी, कोंबड्यांना दाणे टाक.”

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, हा माणूस इतकं सलग कधी बोलला नव्हता. मी उठून भांडी घासायला घेतली. सगळी घासून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून घासली. वाईट वाटायला हवं हे कळत असून वाईट वाटत नव्हतं. याची मला आता भीती वाटायला लागली आहे, पाल्मीरा. तुला सांगते, दुसऱ्या कुणाला नाही.

सकाळी खिडकीतून पाहिलं तर तो झाडापाशी गुडघे टेकून बसला होता. उपटत नव्हता, खुंटीला बांधत होता. दोरीने साल सोलते म्हणून मऊ काहीतरी हवं, तर पठ्ठ्याने माझे सुतकाचे काळे मोजे दोरीवरून काढून कापले होते. मला विचारलंसुद्धा नाही.

तेव्हा येऊ दे त्याला. झावळ्यांच्या आदल्या शनिवारी. झाडासाठी. माझ्या अटी आहेत. राहायचं पीप्पी काकांकडे. घरात यायचं नाही, बागेला बाहेरून फाटक आहे. माझ्याशी बोलायचं नाही. माफी तर मुळीच मागायची नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि माझ्याकडे द्यायला काही नाही. काम करायचं आणि जायचं.

दोनाता


२४ मार्च

पाल्मीरा,

पत्र मिळालं. अर्धं वाचता आलं नाही, शाई फुटली आहे. रडायचं असेल तर पेन्सिलीने लिहीत जा.

हत्यारं त्याची त्याने आणावीत, काकांची त्याच्या उपयोगाची नाहीत. जेवणाचं विचारतेस. जे शिजेल ते ब्रीत्सियो बागेत नेऊन देईल. त्याच्या आवडीचं मुद्दाम करणार नाही, आणि मुद्दाम टाळणारही नाही. त्याला काय आवडतं ते मला आठवत नाही म्हण ना.

खोटं आहे. वाटाणे घातलेली शेवया-भाजी. दोघांनाही तीच लागायची.

दोनाता


३ एप्रिल

पाल्मीरा,

काल तुझ्या नावाचा दिवस होता, पाल्मीरा म्हणजे झावळ्यांची. झावळ्यांच्या रविवारी आई तुझ्या केसांत पान खोचायची. काल आमच्या घरातून चर्चला कुणीही गेलं नाही. का ते सांगते. हे पत्र वाचताना बसून घे, आणि शेजारी कुणी असेल तर त्याला बाहेर पाठव.

शनिवारी तो आला. मी स्वयंपाकघरात खिडकीची झडप ओढून वाटाणे सोलत बसले होते. फटीतून दिसलं. बारीक झालाय तुझा मुलगा. डावा हात अजून पुरता सरळ होत नाही, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याच्या मागे पाहिलं. कुणी नव्हतं. त्याने फाटक लावून घेतलं.

पीप्पी काका आधीच खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, “चंद्र वाढता आहे. वाढत्या चंद्रावर कात्री काढणाऱ्याला पूर्वी या गावात वेडा म्हणायचे.”

“काका, मला मंगळवारी कामावर जायचंय. चंद्राला सुट्टी मिळते, मला नाही.”

“ऐकलंस का ब्रीत्सियो? उत्तरेला जाऊन जिभेला धार लावून आलाय.”

ईवानने आधी कात्री काढलीच नाही. झाडाभोवती फिरला. मग बसून बुडाची माती हाताने उकरली आणि रानटी फुटवे एकेक करून मुळापासून ओढून काढले. काका विचारत होते, हा सांगत होता: कोवळ्या झाडाला पहिली वर्षं वाढूच द्यायचं असतं, त्याची पानं म्हणजेच त्याचं जेवण, कात्री खिशात ठेवायची.

“मग मी काय केलं?”

“आजोबांची हजामत नातवाला केलीत, काका.”

काका इतके हसले की खोकला लागला. ब्रीत्सियोने पाठ थोपटली. माझ्या बागेत माणसं हसत होती आणि मी आत बसून त्याच शेंगा पुन्हा सोलत होते.

झाड वाचलंय. शेंडा उडवला त्याच्याखाली चार कोवळ्या फांद्यांनी जीव धरलाय. त्यातल्या तीन ठेवायच्या, तीन दिशांना तीन, मध्ये ऊन उतरेल अशा, म्हणजे पुढे झाडाचा घाट चांगला होतो. चौथी काढायची. पण दोन अगदी शेजारी-शेजारी होत्या, सारख्याच जाडीच्या, सारख्याच उंचीच्या. ईवान त्या दोघींकडे बघत नुसता बसून राहिला. काका म्हणाले, “अरे, काप की कुठलीही.” तो हलेना. मग त्याने झडपेकडे तोंड करून हाक मारली, “मावशी, यातली कुठली काढू, तू सांग.”

बोलायचं नाही असं मी लिहिलं होतं. तरी मी बाहेर गेले. ओले हात तसेच. मी म्हटलं, “ही.” त्याने पाती फांदीवर टेकवली, पण मूठ मिटेना. मी त्याच्या हातातून कात्री घेतली आणि कापली. बोटाएवढी फांदी ती, आवाजसुद्धा झाला नाही.

आणि मग मी विचारलं. दोन वर्षांत मी हे कुणाला विचारलं नव्हतं, विचारायचं आहे हेही मला माहीत नव्हतं. “तो शेवटी काही बोलला का रे?”

ब्रीत्सियो काकांना दंडाला धरून आत घेऊन गेला.

“झोपला होता, मावशी,” ईवान म्हणाला. “तोंड उघडं टाकून. मळ्यातून निघालो आणि पाच मिनिटांत झोपला.”

“घाबरला नाही?”

“नाही. त्याला काही कळलंच नाही.” मग तो थांबला, आणि म्हणाला, “रस्ता ओला नव्हता.”

मी कात्री खाली ठेवली.

“त्याच्या बाजूची काच उघडी होती. वारा सरळ त्याच्या कानावर येत होता. त्याला उठवायचं नव्हतं मला. मी पलीकडे वाकलो काच वर करायला. ती आमची जुनी गाडी, दांडी फिरवावी लागायची, आणि ती मध्येच अडकायची. मी आणखी वाकलो. मग वळण आलं.”

पाल्मीरा, मुलांना ‘वारा लागेल’ कुणी शिकवलं, ते तुला सांगायला नको. आईने आपल्याला शिकवलं आणि आपण त्यांना. ती दोघं गाडीत बसली की एका बाजूने तू ओरडायचीस आणि दुसऱ्या बाजूने मी, “काच लावा रे, कान दुखेल, मान धरेल.” जून महिन्यात, घामाने निथळत असताना. आणि ईवानला वेगळं, दर वेळी, “तू मोठा आहेस, सिल्वानोच्या कानाकडे लक्ष ठेव.” त्याने लक्ष ठेवलं.

मी मातीतच बसले आणि रडले, म्हणजे रडणं म्हणावं असलं ते नव्हतं, कोंबड्या घाबरून भिंतीकडे पळाल्या. दोन वर्षं जे लागत नव्हतं ते सगळं एकदम लागलं. दुखलं, पाल्मीरा, इतकं दुखलं की ओरडले. तो समोर उभा, हात लावायची हिंमत नाही, माफी मागायची मी बंदी घातलेली. संध्याकाळचा गार वारा सुटला होता. मी उठले आणि त्याच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलं. लावून झाल्यावर मला कळलं, मी काय केलं. त्यालाही कळलं. मग तो रडला.

त्याने हे कोर्टात सांगितलं नाही, बापाला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही. तुला कळलं तर तू स्वतःला खाशील, म्हणून सांगू नको असं मला बजावून ठेवलंय. मी तरी सांगते. तो एकटा दोन वर्षं हे घेऊन हिंडला आणि त्याची काय दशा झाली ते मी पाहिलं.

तो काकांकडे गेलाच नाही. शनिवारपासून सिल्वानोच्या खोलीत झोपलाय. मध्ये उठून जेवतो आणि पुन्हा झोपतो. आज सकाळची त्याची गाडी गेली. ब्रीत्सियो उठवायला निघाला होता, मी उठवू दिलं नाही. कामावर कळवून टाका काहीतरी.

त्याला रागावू नकोस. आणि तू ये. आजच निघ, लेच्चे स्टेशनवर ब्रीत्सियो घ्यायला येईल. मला आता सगळं लागतंय, पाल्मीरा, आणि हे मला एकटीला पेलत नाही.

तुझी ताई